वेळासच्या घरी तीन दिवस

आपल्या समाजात प्रवास म्हणजे बहुधा तीर्थयात्रा. शिखरजी, पालिताणा, शंखेश्वर, श्रवणबेळगोळ. जवळचे म्हणाल तर मांगीतुंगी, गजपंथा आणि आमच्या खानदेशातले बळसाणे. या वाटांवर धर्मशाळा असते, भोजनशाळा असते, उकळलेले पाणी मिळते आणि दिवस मावळण्यापूर्वी पंगत उठते. पूर्वजांनी मोठ्या दूरदृष्टीने उभी केलेली ही व्यवस्था आहे आणि तिच्यामुळेच आपली साधीसुधी कुटुंबेही भारतभर फिरू शकली. पण या व्यवस्थेला एक दुसरी बाजूही आहे. जेथे भोजनशाळा नाही तेथे आपण जात नाही. विशेषतः ज्या स्त्रिया चौविहार पाळतात, कंदमुळे खात नाहीत, त्यांचा नकाशा तीर्थांपाशी सुरू होतो आणि तीर्थांपाशीच संपतो. आमच्या सौभाग्यवतींनी छत्तीस वर्षांच्या संसारात माझ्याबरोबर किमान पंधरा तीर्थे केली; पण नातलगांची घरे वगळता, जेथे आपली भोजनशाळा नाही अशा गावी त्यांनी एकही रात्र काढली नव्हती. समुद्र त्यांनी पाहिला होता तो मुंबईचा, चौपाटीवरून, लग्नकार्याच्या धावपळीत.

माझ्या बाजूने अडचण निराळी होती. बँकेच्या माणसाला मार्च महिना नसतो. वार्षिक खातेबंदी, वसुली, तपासणी, थकीत खात्यांची यादी यांत फाल्गुन कधी आला आणि कधी गेला हे नोकरीत असताना मला कळले नाही. निवृत्तीनंतरही काही वर्षे मार्च उजाडला की उगीचच छातीत धडधड होई. अखेरीस ठरवले की एक मार्चअखेर तरी शाखांपासून दूर, कोठेतरी समुद्राकाठी काढायची. आणि मार्चमध्येच पाहण्यासारखी गोष्ट कोकणात एक आहे, ती म्हणजे वेळासची कासवे.

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्याचे किनाऱ्यावरचे गाव. सावित्री नदी महाबळेश्वरहून निघून जेथे समुद्राला मिळते, त्या मुखाच्या दक्षिणेस बाणकोट आणि त्याच्या पलीकडे वेळास. उत्तरेस हरिहरेश्वर, पुढे श्रीवर्धन. नाना फडणविसांच्या भानू घराण्याचे हे मूळ गाव. फडणवीस म्हणजे दौलतीच्या जमाखर्चावर नजर ठेवणारा अधिकारी, तेव्हा एका अर्थी मी माझ्याच खात्याच्या मूळ पुरुषाच्या गावी निघालो होतो, असे म्हणून मी घरच्यांचे मनोरंजन केले.

गावात बडी हॉटेले नाहीत. लोक आपापल्या घरातील एक-दोन खोल्या पाहुण्यांना देतात आणि घरातलेच जेवण वाढतात. ब्रिटनच्या किनाऱ्यावर ही पद्धत जुनी आहे. वेल्समधील टेन्बीसारख्या समुद्रकाठच्या गावांत कुटुंबे राहत्या घरात पाहुणे ठेवतात, सकाळची न्याहारी देतात, आणि पाहुणा त्या घराच्या शिस्तीत राहतो. आपल्याकडे तिला होमस्टे हे नाव पडले. नाव काहीही असो, धर्मशाळा आणि होमस्टे यांतला भेद मला जाण्यापूर्वीच अस्वस्थ करीत होता. धर्मशाळेचे नियम आपले असतात, आपल्यासाठीच केलेले असतात. दुसऱ्याच्या घरात नियम त्या घराचे. पैसे मोजून आपण खोली घेऊ शकतो. त्यांच्या चुलीवर आपले नियम चढवण्याचा अधिकार त्या पैशात येतो काय?

म्हणून मी दूरध्वनीवर सर्व काही आधीच स्पष्ट बोललो. घर शाकाहारी आहे ना, हे प्रथम विचारले. आहे, असे उत्तर आले. मग कांदा, लसूण, बटाटा, आले, सुरण, रताळे, गाजर, मुळा, बीट, अळकुड्या ही यादी वाचली. पलीकडे यजमानीणबाई लिहून घेत होत्या. फाल्गुनी चौदस उलटून गेलेली असेल, त्यामुळे पालेभाजीही नको, हे सांगताना मला स्वतःलाच संकोच वाटला. शेवटी सूर्यास्ताचे सांगितले. थोडी शांतता झाली. मग त्या म्हणाल्या, "काका, कांदा-लसणीचं काही नाही, आमच्या सासूबाई चातुर्मासात खातच नाहीत. तुमचा म्हणजे बारमाही चातुर्मास. पण जेवण दिवसाउजेडी म्हणता, आणि कासवं सोडतात ती संध्याकाळी सहाला. मग जेवणार केव्हा?"

हा प्रश्न माझ्या ध्यानात आला नव्हता, आणि सगळ्या सहलीचा पेच नेमका तेथेच होता. मार्चअखेरीस त्या किनाऱ्यावर सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. किनारा गावातून चालत पंधरा-वीस मिनिटांवर. कासवे पाहून परतेपर्यंत दिवेलागण होणार. "पाचला पानं घेते," त्यांनीच निकाल दिला.

आम्ही फाल्गुन वद्य दशमीला पोहोचलो. चाळीसगावहून कल्याणपर्यंत रेल्वे, कल्याणला लेकीकडे मुक्काम, आणि पुढे मोटारीने पनवेल, माणगाव, म्हसळा असे करीत बागमांडला. तेथून वेसवीपर्यंत खाडी ओलांडायची ती फेरीबोटीने, जिला तिकडे जंगलजेटी म्हणतात. मोटारी, दुचाक्या, माणसे, एखादी टोपली सांभाळून बसलेली कोळीण, सारे एकाच सपाट तळावर. गिरणेच्या कोरड्या पात्राची सवय असलेल्या आम्हा उभयतांना इतके रुंद पाणी पाहून बोलणे सुचेना. पलीकडे बाणकोटचा किल्ला दिसतो. 1756 साली तो इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवले. कोकणपट्टीवर त्यांना मिळालेल्या अगदी पहिल्या ठाण्यांपैकी ते एक. उतरताना मासळीचा वास आला तेव्हा सौ.नी पदर नाकाला लावला, पण तोंडाने काही म्हटले नाही. समुद्रकाठी जायचे तर हे गृहीत धरूनच जावे. तेथील माणसांचा तो शेकडो वर्षांचा निर्वाह आहे, आणि आपण त्यांच्या अंगणात चार दिवसांचे पाहुणे.

घर जुन्या कोकणी बांधणीचे. पुढे शेणाने सारवलेले खळे, मग पडवी, ओटी, माजघर, आणि मागे परसात रहाटाची विहीर. आमची खोली ओटीच्या उजव्या अंगाला, पूर्वी धान्याची कोठी असलेली. भिंती जाड, खिडकी लहान, आत गारवा. स्नानगृह मात्र नवे, पांढऱ्या फरशीचे. यजमान पन्नाशी ओलांडलेले, मितभाषी. वहिनी चपळ आणि हसतमुख. आणि त्यांच्या सासूबाई, वय ऐंशीच्या पुढे, पडवीतील झोपाळ्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद घेणाऱ्या. शिमगा नुकताच आटोपला होता, मुंबईचे चाकरमानी परतले होते, आणि गावात एक प्रकारची सुस्त शांतता होती. पुण्याची दोन कुटुंबे पलीकडच्या खोल्यांत उतरली होती. त्यांचे जेवण रात्री साडेआठचे. म्हणजे वहिनींना आमच्यापायी दोनदा चूल पेटवावी लागणार होती.

सौ.ना हेच खटकले. "मी माझी खिचडी करून घेते, तुम्ही कशाला त्रास घेता," असे त्या म्हणाल्या. खाकरे, मुगाचे पापड, भाजलेले पोहे यांचा मोठा डबा आम्ही बरोबर नेला होताच. वहिनी काही बोलण्यापूर्वी झोपाळ्यावरून आजींचा आवाज आला, "पाहुण्यानं आमच्या घरी चूल मांडायची नाही. काय चालत नाही तेवढं सांगा, बाकी आमचं काम." आवाजात आतिथ्य होते आणि हुकूमही होता. परक्या हाताने स्वयंपाकघरात वावरू नये, हा त्यांचा नियम होता, तसा जेवणाबाबत आमचा होता. दोन्ही बाजूंना नियम असले की बोलणे सोपे जाते, असा माझा बँकेतलाही अनुभव आहे. ज्याला स्वतःची काही शिस्त नाही त्याच्याशी व्यवहार करणे सर्वांत कठीण.

पाचाच्या ठोक्याला पाने मांडली. तांदळाची भाकरी, कच्च्या केळ्याची भाजी, ओल्या काजूची उसळ, आमसुलाचे सार, भात आणि कुळथाचे पिठले. पिठल्याबरोबर त्यांनी ताक आणले, ते सौ.नी विनयाने बाजूला ठेवले. कडधान्याबरोबर कच्चे ताक आपल्याकडे चालत नाही, हे यादीत आले नव्हते. वहिनींनी लगेच विचारले, "मग तापवलेलं चालेल?" आणि आले चालत नाही पण सुंठ कशी चालते, हाही प्रश्न त्यांना पडला होता. सौ.नी समजावले की ओला कंद जिवंत असतो, पुन्हा रुजतो, एका कंदात अनंत जीव मानलेले आहेत. सुकल्यावर तो रुजण्याचे थांबतो. वहिनी ऐकत होत्या ते केवळ भिडेखातर नव्हे. आगरात रोज हात घालणाऱ्या बाईला कोणता कंद रुजतो आणि कोणता नाही हे पुस्तकातून शिकावे लागत नाही.

जेवून आम्ही घाईघाईने किनाऱ्यावर गेलो. तेथे दोरी बांधून प्रेक्षकांची मर्यादा आखलेली होती. पन्नासेक माणसे, बरीच मुले. जाळीच्या कुंपणाआड वाळूत पुरलेल्या अंड्यांची घरटी, प्रत्येकावर तारखेची पाटी आणि वर पालथी टोपली. कार्यकर्त्यांनी एकेक टोपली उचलून पाहिली. एकाही घरट्यातून पिल्लू आले नव्हते. "आज नाही, उद्या सकाळी या," असे सांगण्यात आले. पुण्याची मुले हिरमुसली. सौ. मात्र वाळूवर बसून सूर्यास्त पाहत राहिल्या. पाणी प्यायची वेळ संपत आल्याचे मी सुचवले, तेव्हा त्यांनी पिशवीतील बाटलीतून दोन घोट घेतले आणि पच्चक्खाण घेतले. समोर समुद्र, मागे सुरूची झाडे. त्यांच्या चेहऱ्यावर पालिताण्याच्या पायऱ्या उतरून आल्यानंतर असते तसे समाधान होते. मी काही विचारले नाही.

या कासवांविषयी थोडे सांगितले पाहिजे. ही ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे. ओडिशाच्या किनाऱ्यावर ती लाखोंनी एकत्र येऊन अंडी घालतात; कोकणात मात्र एकेकटी मादी रात्री वाळूवर चढते, खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजवते आणि परत समुद्रात निघून जाते. पिल्लांची तिची भेट पुन्हा होत नाही. साधारण पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्ले आपली आपण बाहेर येतात. वाळू अधिक तापलेली असेल तर माद्या अधिक निपजतात, कमी तापलेली असेल तर नर. पूर्वी ही अंडी कुत्री आणि कोल्हे उकरत, आणि माणसेही. गावोगावी ती खाल्ली जात, विकली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 साली वेळासला संरक्षणाचे काम आरंभले आणि 2006 पासून कासव महोत्सव सुरू झाला. ज्यांना अंडी कोठे सापडतात हे ठाऊक होते त्यांच्याकडेच ती राखण्याचे काम आले. पहाटे किनारा चालून घरटी शोधणे, अंडी अलगद कुंपणात हलवणे, तितक्याच खोलीचा खड्डा करणे, दिवस मोजणे हे सारे गावातले लोक वनविभागाच्या देखरेखीखाली करतात. जानेवारी 2022 मध्ये येथल्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवून तिला सोडण्यात आले, आणि तिचे नाव ठेवले प्रथमा.

जीवदयेची कामे आपल्या समाजाला नवी नाहीत. पांजरपोळांना आपण पिढ्यान्‌पिढ्या देणग्या देत आलो. येथे दानपेटी दिसली नाही. कासवे पाहायला माणसे येतात, ती घरांत उतरतात, त्या घरांना उत्पन्न होते, म्हणून गाव कासवे राखते. हिशेब इतका स्वच्छ असलेले धर्मकार्य मी क्वचित पाहिले आहे. कोणी म्हणेल, यात स्वार्थ आहे. असेना! ज्या दयेला दरमहा कोणीतरी पैसे पुरवावे लागतात तिच्यापेक्षा, जी स्वतःच्या पायावर उभी आहे तिच्यावर मी कर्ज लवकर मंजूर केले असते.

दुसऱ्या दिवशी पहाटे सौ. पाण्यासाठी विहिरीवर गेल्या. गाळणे त्यांनी घरूनच आणले होते. रहाटाने पाणी काढून दुहेरी कापडातून गाळले, आणि मग बादलीतील थोड्या गाळलेल्या पाण्याने ते कापड उलटे धुऊन, ते पाणी पोहऱ्यातून सावकाश खाली विहिरीत नेऊन सोडले. आजी काठी टेकीत परसदारी आल्या होत्या. "हे काय केलंत?" त्यांनी विचारले. गाळण्यात अडकलेले जीव ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत पोहोचवायचे असतात, वरून फेकायचे नसतात, असे सौ.नी सांगितले. आजी बराच वेळ विहिरीत वाकून पाहत उभ्या होत्या. मग सुनेला म्हणाल्या, "हिला पितळेची कळशी दे, ती प्लास्टिकची नको." त्या दिवसापासून आमचे उकळलेले पाणी पितळेच्या कळशीतून येऊ लागले.

तो दिवस एकादशीचा. खरी कसोटी तेव्हाच लागली. त्यांच्या घरी एकादशीचा उपवास कडक, आणि फराळाला रताळ्याचा कीस, बटाट्याची भाजी, साबुदाण्याची खिचडी. म्हणजे त्यांच्याकडे जे उपवासाला पवित्र, नेमके तेच आमच्याकडे वर्ज्य. आणि साबुदाणाही मुळात कंदाचाच. उलट आम्ही जे जेवणार ते धान्य त्या दिवशी त्यांच्या घरात शिजत नव्हते. सौ.ना तर तिथीमुळे हिरवी भाजीही नको होती. वहिनी दाराशी उभ्या राहून हसू लागल्या. "वहिनी, आता तुम्ही आणि मी एकत्र काय खायचं?" असे त्यांनी सौ.ना विचारले, आणि दोघी माजघराच्या उंबऱ्यावर बसून एकेक पदार्थ बोटांवर मोजू लागल्या. पंधरा मिनिटांनी निर्णय झाला. वऱ्याचे तांदूळ, ज्यांना आमच्याकडे भगर म्हणतात, आणि बटाट्याविना, आमसूल घातलेली दाण्याची आमटी. जिरे, सुकी मिरची, तूप, सैंधव. त्या दिवशी पाच वाजता आमच्याबरोबर आजीही पानावर बसल्या. एरवी त्या एकादशीला एकदाच, दुपारी फराळ करतात असे मागाहून कळले.

कासवे भेटली ती तिसऱ्या दिवशी, द्वादशीच्या सकाळी. नवकारसीची वेळ व्हायची होती, त्यामुळे सौ. निर्जळीच किनाऱ्यावर आल्या होत्या. सातच्या सुमारास एक टोपली उचलली आणि खाली वाळू हलताना दिसली. तळहाताच्या निम्म्याएवढी, काळपट राखाडी पिल्ले, एकूण नऊ. कार्यकर्त्याने ती पाण्यापासून काही अंतरावर, ओल्या वाळूवर ठेवली. थेट समुद्रात सोडत नाहीत. ते अंतर त्यांनी स्वतः चालायचे असते. त्या चालण्यातच जन्मभूमीची खूण त्यांच्यात ठसते आणि मोठेपणी मादी अंडी घालायला त्याच परिसरात परतते, असे मानले जाते. कोणी हात लावायचा नाही, दोरी ओलांडायची नाही, छायाचित्र काढताना प्रकाश पाडायचा नाही. पिल्ले चालत, थांबत, पुन्हा चालत. एखाद्या माणसाच्या पावलाचा ठसा आडवा आला की ते त्यांना खोल खड्ड्याएवढे. पहिली लाट आली तिने सहा नेली, दोन उलटी फेकली. एक पिल्लू भलत्याच दिशेला, किनाऱ्याला समांतर चालू लागले. आमच्या शेजारची एक लहान मुलगी "इकडे, इकडे" म्हणून ओरडत होती. सौ. हात जोडून पुटपुटत होत्या, ते मला ऐकू आले नाही, नंतर त्यांनी एवढेच म्हटले, "मुनिसुव्रतस्वामींचं लांछन कूर्म आहे ना." ते भरकटलेले पिल्लू बराच वेळाने वळले. ते पाण्यात शिरले तेव्हा घड्याळात साडेसात झाले होते आणि पाणी पिण्याची वेळ कधीच होऊन गेली होती; कोणाच्या लक्षात आले नाही.

त्याच दुपारी यजमानांनी मला आगर दाखवायला नेले. घरामागे समुद्राच्या दिशेला त्यांची नारळी-पोफळीची बाग. बाग म्हणजे काय, निम्मी जागा मोकळीच होती. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्याला धडकले आणि या साऱ्या टापूतील बागा आडव्या झाल्या. टाळेबंदीचे दिवस, पाहुणे बंद, कित्येक दिवस वीज नाही, आणि आजोबांनी लावलेली झाडे मुळांसकट उपटलेली. पोफळ लावली तरी उत्पन्न द्यायला पाच-सात वर्षे घेते. आमच्याकडे कापूस गेला तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पेरता येतो. येथे एका सकाळी एक पिढी गेली होती. नवी रोपे त्यांनी लावली होती, गुडघ्याएवढी, कमरेएवढी, झावळ्यांची सावली करून जपलेली. मधली काही वर्षे घर तगले ते त्या दोन-तीन खोल्यांवर.

मग त्यांनी मुख्य विषय काढला. मी बँकेत होतो हे त्यांना पहिल्याच दिवशी कळले होते. त्या मोकळ्या जागेत चार पक्क्या खोल्या बांधाव्या, वातानुकूलन बसवावे, कर्ज काढावे, असा मुलाचा आग्रह होता. मुलगा पुण्यास नोकरीला. "साहेब, तुमचं मत काय?" असे त्यांनी विचारले.

मी पडवीत बसून त्यांची वही मागितली. पुठ्ठ्याची, लाल कापडाच्या कण्याची, प्रत्येक पाहुण्याची नोंद असलेली. अशी वही मला तोंडाने सांगितलेल्या दहा गोष्टींपेक्षा अधिक सांगते. फेब्रुवारी ते एप्रिल भरलेला, मे बरा, दिवाळीत आठवडा, नाताळात चार दिवस, बाकी पाने कोरी. मी त्यांना सांगितले की हप्ता बारा महिने येतो आणि पाहुणा चारच महिने. किनाऱ्यालगतच्या बांधकामावर नियमन क्षेत्राचे निर्बंध आहेत, ते आधी तपासा. तारण म्हणून राहते घर देऊ नका. आणि चार खोल्या वाढल्या तर वहिनी एकट्या स्वयंपाक करू शकणार नाहीत. आचारी ठेवाल, मग व्यवस्थापक ठेवाल, आणि मग पाचला पाने कोण घेणार? त्यांना शेवटचा मुद्दा हिशेबाचा वाटला नसावा, पण तो हिशेबाचाच होता. आम्ही वेळासला गेलो ते खोलीसाठी नव्हे, त्या बाईंनी यादी लिहून घेतली म्हणून. हीच त्यांची पुंजी. पक्क्या खोल्या किनारपट्टीवर कोठेही मिळतात. आहे त्या कोठीशेजारची एक खोली नीट करा, छप्पर बदला, आणि जमलेल्या पैशातून करा, असे मी सुचवले. ते मान डोलावीत होते, पण नजर मोकळ्या जागेकडे होती. मुलगा गावी परत यावा असे त्यांना वाटते आणि चार खोल्यांशिवाय तो येणार नाही. हे त्यांनी मला सांगितले नाही. आजींनी सौ.ना सांगितले. त्या प्रश्नाला माझ्याजवळ कोणतेही कोष्टक नव्हते.

निघताना हिशेब झाला. दरडोई ठरलेला दर, त्यात न्याहारी, दोन वेळचे जेवण, चहा. दोनदा चूल पेटवल्याबद्दल वेगळे काही लावलेले नव्हते. मी जादा रक्कम देऊ केली तेव्हा वहिनींनी ती बाजूला सारली. सौ.नी मग आपला डबा उघडला. त्यातील खाकरे आणि पापड जसेच्या तसे होते. ते त्यांनी आजींना दिले. आजींनी आमसुले, फणसाची साठे आणि नारळांची जोडी पिशवीत घातली. ही देवघेव कोणत्याही वहीत चढली नाही.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. कासवांचा हंगाम साधारण फेब्रुवारी अखेरीपासून एप्रिलपर्यंत. कोणत्या दिवशी पिल्ले येतील हे कोणीही खात्रीने सांगू शकत नाही, म्हणून किमान दोन रात्री हाताशी ठेवाव्यात. शनिवार-रविवार गर्दी फार असते, ते टाळलेले बरे. खाण्यापिण्याचे नियम पोहोचल्यावर सांगण्यापेक्षा दूरध्वनीवर, एकेक पदार्थाचे नाव घेऊन सांगावेत. नुसते 'जैन जेवण' म्हटले तर कांदा-लसूण नको एवढेच बहुतेक ठिकाणी समजतात. द्विदळाचे आठवणीने सांगावे. सर्वच घरे शाकाहारी नसतात, तेही विचारून घ्यावे. गाळणे बरोबर न्यावे. संध्याकाळी किनाऱ्यावर गडद कपडे असावेत आणि विजेरी विझलेली असावी, कारण पिल्ले उजेडाकडे वळतात.

परतल्यावर सौ.नी मंडळात ही हकीकत सांगितली. पुढच्या फाल्गुनात आठ जणींचे जायचे ठरते आहे. त्यांतल्या तिघी वर्षीतप करणाऱ्या. मी वहिनींना दूरध्वनी केला, तेव्हा त्यांनी वर्षीतप म्हणजे काय ते विचारून घेतले, एक दिवस उपवास आणि एक दिवस बियासण हे शब्द दोनदा उच्चारून लिहून घेतले, आणि म्हणाल्या, "आठ जणी म्हणजे दोन्ही खोल्या लागतील. पानं पाचलाच ना?"